भाड्याच्या घरात इजा झाली तर मोफत विधी सेवा कितपत कामाची? खान्देशातल्या भाडेकरूंसाठी परीक्षण

स्लॅबचा पोपडा डोक्यात पडतो, जिन्याचा कठडा हातात निघून येतो, लोखंडी कूलरला हात लागतो आणि माणूस चिकटतो. जखम भाडेकरूला होते, घर मालकाचं असतं. दवाखान्याचं बिल समोर आलं की दोन प्रश्न पडतात. मालकाकडून भरपाई मागता येते का? आणि वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आहे. हे प्राधिकरण मोफत वकील देतं, कोर्ट फीही भरतं. भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा तालुक्यांच्या गावी हेच काम तालुका विधी सेवा समिती करते. भाड्याच्या जागेत झालेली शारीरिक इजा आणि तिची भरपाई, एवढ्याच कामापुरतं या सेवेचं हे परीक्षण आहे.

आमचं मत आधीच सांगतो. सेवा घेण्यासारखी आहे, आणि ज्यांना ती मिळू शकते त्यांनी केवळ संकोचापोटी सोडू नये. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मोफत वकिलासाठी अर्ज दिला म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. अर्ज टेबलावर असो, वकील नेमला जाऊन कागद त्याच्याकडे गेलेले असोत की लोकअदालतीत बोलणी चालू असोत, मुदत आपल्या गतीने संपत असते. त्यामुळे ही सेवा पहिल्या दोन-तीन महिन्यांत घेणाऱ्याला पुरते आणि शेवटच्या महिन्यात जाणाऱ्याला अडचणीत टाकते.

ही सेवा कुणाला मिळते, याबद्दल गैरसमज फार आहेत. "ते गरिबांसाठी असतं, आमच्याकडे पिवळं कार्ड नाही" असं म्हणून लोक जातच नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ वेगळं सांगतं. स्त्री असेल, १८ वर्षांखालचं मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, दिव्यांग असेल किंवा औद्योगिक कामगार असेल, तर उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे नंदुरबार, अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातला आदिवासी भाडेकरू थेट पात्र ठरतो. घरातल्या बाईला इजा झाली असेल तर नवऱ्याचा पगार कुणी विचारायचं कारण नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. त्यासाठी तहसीलच्या दाखल्यावाचून अडून बसण्याची गरज नाही, कारण उत्पन्नाबद्दलचं शपथपत्र पुरेसं मानता येईल असं कलम १३ मध्ये लिहिलेलं आहे.

अर्ज साध्या कागदावर चालतो, मराठीत चालतो. लिहिता न येणाऱ्याचं म्हणणं तोंडी ऐकून तिथे लिहून घेतात आणि अंगठा घेतात. भिली, पावरी किंवा अहिराणीच नीट बोलता येणाऱ्या माणसाने सोबत एखादा दुभाषा न्यावा, म्हणजे तारखा आणि नावं चुकत नाहीत. अर्जावर ७ दिवसांच्या आत निर्णय व्हावा असा नियम आहे. नकार आला तर अध्यक्षांकडे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, दाद मागता येते. घरबसल्या चौकशीसाठी १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. प्राधिकरणाच्या यादीतून नेमलेल्या म्हणजे पॅनेल वकिलाला तुमच्याकडून रोख किंवा वस्तूरूपात काहीही घेण्याची मनाई आहे. "वरचा खर्च" म्हणून पैसे मागितले गेले तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवावं. वकील बदलून मागता येतो, तो हक्कच आहे.

आता मुदतीकडे येऊ. सगळं नुकसान इथेच होतं.

शारीरिक इजेच्या भरपाईसाठी मुदत कायदा १९६३ मध्ये वेगळं कलम नाही. म्हणून असा दावा अनुच्छेद ११३ खाली येतो आणि मुदत ३ वर्षांची मिळते. अपघाताचा दिवस मोजायचा नाही. २० मे २०२४ ला जिना कोसळला असेल तर शेवटचा दिवस २० मे २०२७. त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडल्याच्या दिवशी दावा दाखल करता येतो. पण मे महिन्यातल्या उन्हाळी सुट्टीच्या भरवशावर कुणी राहू नये.

इजेतून मृत्यू झाला तर मुदत आणखी कमी होते. प्राणांतिक अपघात कायदा १८५५ खालच्या दाव्याला अनुच्छेद ८२ लागतो: मृत्यूच्या तारखेपासून २ वर्षं. हा दावा पत्नी, पती, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं आणि नातवंडं यांच्यासाठी असतो. भाऊ-बहीण त्या यादीत नाहीत. खान्देशात थोरला भाऊच कोर्टाची कामं बघतो. त्याने धावपळ जरूर करावी, पण वादी म्हणून नाव मृताच्या पत्नीचं, मुलांचं किंवा आई-वडिलांचं लागतं. चुकीच्या नावाने नोटीस आणि दावा तयार झाला की दुरुस्तीत महिने जातात आणि २ वर्षं बघता बघता सरतात.

मुलाला इजा झाली असेल तर तो १८ वर्षांचा झाल्यावर ३ वर्षं मिळतात, म्हणजे २१ पूर्ण होईपर्यंत. तरीही वाट बघू नये. वडील किंवा आई वादमित्र म्हणून, म्हणजे मुलाच्या वतीने, आजच दावा करू शकतात, आणि दहा वर्षांनी ना जिना तसा राहतो ना साक्षीदार.

मालक कोण आहे, यावरही मुदत बदलते. जागा महापालिकेची असेल, जसे जळगाव-धुळ्यातल्या व्यापारी संकुलांतले गाळे, तर महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याचं कलम ४८७ आडवं येतं: आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा कारण घडल्यापासून ६ महिन्यांत. नगरपालिकेच्या गाळ्यांना, नंदुरबार असो की अमळनेर, १९६५ च्या नगरपरिषद कायद्याचं कलम ३०४ तसंच लागतं. हे ६ महिने अनेक वकिलांच्याही ध्यानात राहत नाहीत, कारण डोक्यात ३ वर्षं बसलेली असतात. तेव्हा पॅनेल वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा: "जागा पालिकेची आहे, ६ महिन्यांची अट बघा."

सरकारी जागेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये छत पडलं तर ही नोटीस रेल्वेच्या महाव्यवस्थापकांना जाते, भुसावळच्या कचेरीत कागद देऊन भागत नाही. गृहनिर्माण सहकारी सोसायटीच्या सामाईक जिन्यात किंवा गच्चीवर इजा झाली आणि सोसायटीवर दावा करायचा असेल तर सहकार कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे निबंधकांकडे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागू शकते. कायद्याने सक्तीच्या असलेल्या अशा नोटिशीचा काळ मुदतीतून वजा होतो. वकिलाने स्वतःहून घरमालकाला पाठवलेल्या साध्या नोटिशीचा काळ मात्र वजा होत नाही.

मुदतीबद्दलचे चार गैरसमज इतके पसरलेले आहेत की ते इथे खोडून काढणं भाग आहे. पहिला: "पोलिसांत केस चालू आहे, तिचा निकाल लागला की बघू." फौजदारी प्रकरण वेगळं चालतं, त्यामुळे दिवाणी दाव्याची मुदत एक दिवसही वाढत नाही. दुसरा: "मालकाने दवाखान्याचं निम्मं बिल भरलं, म्हणजे मान्य केलं." माणुसकीने दिलेल्या पैशांमुळे अशा दाव्याची मुदत नव्याने सुरू होत नाही. ठरलेल्या कर्जाची आणि न ठरलेल्या भरपाईची गोष्ट वेगळी आहे. तिसरा: "उशीर झाला तर माफीचा अर्ज देऊ." मुदत कायद्याच्या कलम ५ मधली विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. न्यायाधीशांना कितीही कणव आली तरी मुदतबाह्य दावा त्यांना फेटाळावाच लागतो. मालकाने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी. चौथा गैरसमज या सेवेबद्दलच आहे: "विधी सेवेत अर्ज दिलाय, तारीख नोंद झालीय." ती नोंद कोर्टात मुदतीसाठी कामाला येत नाही.

इथे एक वाट आहे आणि ती माहीत असलेली बरी. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल तर संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन व्यक्ती म्हणून दावा करण्याची परवानगी मागता येते. कोर्टात याला अजूनही पॉपर अर्ज म्हणतात. तो अर्ज ज्या दिवशी कोर्टात दाखल होतो, त्याच दिवशी दावा दाखल झाला असं मुदतीच्या हिशेबात धरलं जातं. म्हणजे मुदत संपायला आठवडाच उरला असेल तर विधी सेवेच्या कार्यालयात कोर्ट फीची मंजुरी येईपर्यंत थांबण्यापेक्षा वकिलाने पॉपर अर्ज थेट दाखल करणं सुरक्षित. विधी सेवेचा वकील हे काम करू शकतो. त्याला ते सुचवायला संकोच करू नका.

मोफत वकील मिळाला तरी मालकाची जबाबदारी आपोआप सिद्ध होत नाही. घर त्याचं आहे एवढ्यावर भरपाई मिळत नाही. दोष काय होता, तो दूर करणं कुणाचं काम होतं, आणि मालकाला तो ठाऊक होता किंवा ठाऊक असायला हवा होता का, हे तीन धागे जुळावे लागतात.

भाडेकरार आणि लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरण्याचा नुसता परवाना) यांतला फरक इथे येतो. जिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे, तिथे कलम १४ प्रमाणे भाडेकरूने उलट करार केलेला नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश इतकी. महिना ६,००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ७२,०००, त्यातून १८,००० पर्यंत. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १०८ सांगतं की जो मोठा दोष मालकाला माहीत आहे आणि भाडेकरूला साध्या नजरेने दिसणारा नाही, तो मालकाने सांगितलाच पाहिजे.

आता बहुतेक खोल्या ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर जातात आणि लोकांना वाटतं की तिथे मालक मोकळा. तसं नाही. सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे परवाना देणाऱ्याने जागेतला धोकादायक दोष माहीत असल्यास सांगायचा असतो, आणि कलम ५८ प्रमाणे जागा धोकादायक होईल असं काही करायचं नसतं. दाव्याच्या मसुद्यात ही कलमं नसतील तर वकिलाला विचारा. "भाडेकरू स्वतःच्या जोखमीवर राहील" असं वाक्य करारात दिसलं म्हणून घाबरून परत फिरू नका. त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा ते न्यायालय ठरवतं, मालक नाही. करार तोंडी असेल तर? भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. भाडं फोनवरून पाठवलं असेल तर बँकेचा उतारा काढून ठेवा.

खान्देशात उन्हाळ्यात सर्वाधिक भीती कूलरची, म्हणून त्यावर थोडं जास्त. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या बॉडीचे कूलर चोवीस तास चालतात. पाण्याच्या पंपाचं वायंडिंग खराब होतं, फेजचा प्रवाह बॉडीत उतरतो. अर्थिंग नीट असेल तर तो प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूसच अर्थिंग होतो. आता जबाबदारीची फाळणी बघा. कूलर भाडेकरूचा, पण भिंतीतली वायर, थ्री-पिन सॉकेट आणि अर्थिंगचा खड्डा मालकाचा. पुष्कळ जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेट दिसतं आणि मागे तिसरी वायरच नसते. कुठे वायर असते पण खड्डा वर्षानुवर्षं पाणी न घातल्याने कोरडा पडलेला असतो. काळी माती उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि इलेक्ट्रोडचा मातीशी संपर्क सुटतो. मीटरच्या पुढचं काम घरमालकाचं असतं, मीटरपर्यंतचं महावितरणचं.

अशा अपघातात पुरावा काही तासांत नाहीसा होतो, कारण मालक लगेच वायरमन बोलावून नवं सॉकेट बसवतो. म्हणून मेन स्विच बंद करून उघड्या सॉकेटचा, वितरण पेटीचा, कूलरच्या प्लगचा आणि मीटरचा फोटो काढावा. महावितरणला आणि विद्युत निरीक्षकाला लेखी कळवावं. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली अशा अपघाताची चौकशी होऊ शकते, आणि तिचा अहवाल दाव्यात दहा साक्षीदारांच्या तोडीचा असतो. पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला होता की नाही, याची नोंद करून घ्यावी. उलट बाजूही खरी आहे: चालू कूलरमध्ये पाणी ओतलं, टेप गुंडाळलेली वायर वापरली, तर भाडेकरूचाही निष्काळजीपणा धरला जातो आणि भरपाई तेवढी कमी होते. खांबावरची जिवंत तार अंगणात पडून अपघात झाला असेल तर मात्र विषय घरमालकाचा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या प्रकरणात वीज पुरवणाऱ्यावर निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदारी टाकली आहे.

स्लॅबचं तसंच. सळई गंजली की फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. आधी तांबूस डाग येतात, मग सळईच्या रेषेत बारीक तडा, मग काठीने ठोकलं तर भदभद आवाज, आणि एका पावसाळ्यात पोपडा खाली. ही लक्षणं महिनोन्‌महिने दिसत असतात. म्हणूनच "अचानक पडलं" हा मालकाचा बचाव कमजोर ठरतो. पण त्या काळात भाडेकरूने कळवल्याचा कागद हवा. तारखेसह फोटो जोडलेलं एक पत्र, पोच पावतीसह स्पीड पोस्टने पाठवलेलं, पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. जुन्या धाब्याच्या घरांत पावसाआधी खारी माती टाकायची राहिली, पाणी मुरलं, लाकूड कुजलं, हीसुद्धा कळवण्याजोगीच गोष्ट आहे.

रस्त्यालगतची भिंत किंवा सज्जा वाटसरूवर पडला तर कायदा मालकाशी आणखी कडक वागतो. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळून माणसं दगावली होती. मनोरा सुमारे ८० वर्षांचा होता आणि त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये दिल्ली महापालिकेला जबाबदार धरलं. दोष वरून दिसत नव्हता, हा बचाव चालला नाही, कारण जुन्या बांधकामाची वेळोवेळी तपासणी करणं मालकाचं कर्तव्यच मानलं गेलं.

आता सेवेचा दर्जा. मसुदा, वकीलपत्र, कोर्ट फी, समन्सचा खर्च, प्रमाणित प्रती, भाषांतर हे सगळं मोफत मदतीत येतं, आणि मोठ्या रकमेच्या दाव्यात नुसती कोर्ट फी वाचणं हीच मोठी गोष्ट आहे. खाजगी वकिलाकडे गेलात आणि तो "मिळेल त्यातले इतके टक्के" म्हणाला, तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर बेतलेली अशी फी ठरवता येत नाही, हे लक्षात असू द्या. या तुलनेत मोफत सेवा स्वच्छ आहे.

कमतरता अशी की पॅनेलवरच्या वकिलांच्या हाती पोटगी, कौटुंबिक वाद आणि फौजदारी जामिनाची कामं जास्त येतात. निष्काळजीपणाचा दिवाणी दावा त्यांच्यातल्या प्रत्येकाने लढवलेला असेल असं नाही. म्हणून अर्जातच लिहावं: "दिवाणी नुकसानभरपाईच्या दाव्यांचा अनुभव असलेला वकील मिळावा." दुसरी उणीव पुराव्याची. इमारतीची पाहणी करणाऱ्या खाजगी इंजिनिअरची फी बाजूला काढून ठेवा. मालक दुरुस्ती करून खुणा पुसण्याआधी संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करण्याचा अर्ज वकिलाला द्यायला सांगा. ही साधी पायरी दाव्याचं पारडं फिरवते, आणि हीच बऱ्याचदा राहून जाते.

रक्कम ठरवण्यातही वकिलाने कष्ट घ्यायला हवेत. जळगावच्या सराफ बाजारातल्या कारागिराच्या उजव्या हाताची तर्जनी ताठ झाली, तर डॉक्टरच्या दाखल्यावर अपंगत्व थोडं दिसेल, पण त्याचं नक्षीकाम थांबतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या राजकुमार प्रकरणात नेमकं हेच सांगितलं: शरीराचं अपंगत्व किती टक्के यापेक्षा कमाईची ताकद किती गेली ते बघा. ते प्रकरण मोटार अपघाताचं होतं, तरी हिशेबाची ही पद्धत इथेही उपयोगी पडते. त्यासाठी दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्ष व्हायला हवी आणि आधीच्या कमाईचा काही तरी कागद हवा. वकील दाखला नुसता जोडून गप्प बसत असेल तर तुम्ही बोला.

लोकअदालतीचा आग्रह या सेवेत होतोच. तिथे तडजोड झाली की भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. एकाच गल्लीत राहणाऱ्या मालक-भाडेकरूसाठी हा मार्ग पुष्कळदा चांगला असतो. पण अपील नाही, म्हणजे सही करण्याआधीच विचार करावा लागतो. पुढची शस्त्रक्रिया बाकी असेल, प्लेट काढायची असेल, तर तो खर्च आजच्या रकमेत धरलाय का ते बघा. हप्ते असतील तर प्रत्येक हप्त्याची तारीख आणि चुकल्यास काय, हे निवाड्यातच लिहून घ्या. दावा दाखल होण्याआधीच्या लोकअदालतीत जात असाल तर मुदतीचे किमान सहा महिने हातात असल्याची खात्री करा. तेवढे नसतील तर आधी दावा दाखल करायचा आणि मग चालू दाव्यात तडजोडीला बसायचं.

विद्यार्थ्यांसाठी वेगळी वाट आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठामुळे आणि क्लासेसमुळे जळगाव-धुळ्यात खाजगी वसतिगृहं आणि पीजी भरपूर आहेत. राहण्या-जेवणाची सोय पैसे घेऊन देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सेवा आहे. नुसत्या भाडेकराराला सहसा तसं मानत नाहीत. त्यामुळे वसतिगृहात इजा झालेला विद्यार्थी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत २ वर्षांची, पण सबळ कारण असेल तर इथे विलंब माफ होऊ शकतो, जे दिवाणी दाव्यात होत नाही. आयोगाची फी तुम्ही मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते, आणि तो ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार विद्यार्थ्याच्या घरच्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे साक्री किंवा नवापूरच्या मुलाला प्रत्येक तारखेला जळगावला जावं लागत नाही. अशा प्रकरणात आयोग आम्हाला दिवाणी कोर्टापेक्षा सोयीचा वाटतो. विधी सेवेचा वकील तिथेही मागता येतो.

मालक पुण्या-मुंबईला राहतो म्हणून दावा तिकडे करावा लागेल ही भीतीही अनेकांना असते. इजा जिथे झाली तिथल्या कोर्टात दावा चालतो, संहितेच्या कलम १९ मध्ये ते स्पष्ट आहे. इजा भुसावळला झाली असेल तर मालकाला समन्स तिकडे जाईल, तारखा भुसावळलाच होतील.

पहिल्या भेटीला जाताना सरकारी दवाखान्यातली एमएलसीची (मेडिको-लीगल केसची) नोंद किंवा इंज्युरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिलं, भाड्याचा करार किंवा बँकेचा उतारा, वीजबिलाची प्रत आणि जागेचे फोटो न्या. दवाखान्यात दाखल होताना "घरी पडलो" एवढंच सांगितलं असेल तर केसपेपरवर तेच राहतं आणि पुढे मालकाचा वकील ते वाचून दाखवतो. "जिन्याचा कठडा तुटून पडलो" असं नेमकं कारण तिथेच लिहून घ्यायला सांगा. मालकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं असेल तर ते पुसू नका आणि तो फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. दवाखान्यात कुणी "काही तक्रार नाही" असा मजकूर स्टँप पेपरवर पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि या सगळ्या कागदांच्या वर एक कोरा कागद ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरांत तीनच गोष्टी लिहा: अपघाताची तारीख, जागेचा मालक कोण, आणि दाव्याचा शेवटचा दिवस. ज्या कुणाच्या हातात फाइल जाईल, त्याला सगळ्यात आधी तोच कागद दिसू द्या.